आठ आठवड्यांचा शाश्वत विकास

गरिबीचा कळवळासुद्धा विकता येतो, हा शोध भांडवलशाहीला उशिरा लागला. पण लागल्यावर त्याचा बाजार मांडण्यास तिने वेळ लावला नाही. या बाजारातील माल म्हणजे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील खेडे. गिऱ्हाईक म्हणजे श्रीमंत देशांतील महाविद्यालयीन तरुण. युगांडातील, ग्वाटेमालातील, नेपाळमधील किंवा राजस्थानातील एखाद्या गावी आठ-दहा आठवडे राहावयाचे, तेथील संस्थेच्या ‘समुदाय-आधारित शाश्वत विकास प्रकल्पा’ला हातभार लावावयाचा आणि या संधीसाठी मध्यस्थ संस्थेला काही हजार डॉलर मोजावयाचे, असा हा व्यवहार आहे. त्याचे नाव ‘इंटर्नशिप’. सुताराकडे उमेदवारीला राहिलेले पोर निदान भुसा झाडते, पाणी भरते आणि फळी वाकडी कापली तर मिस्त्रीची बोलणी खाते. या उमेदवाराची मात्र गावालाच बडदास्त ठेवावी लागते. त्याने काम बिघडविले तरी त्याला बोलण्याची सोय नसते. कारण त्याच्या फीतून यजमान संस्थेच्या कचेरीचे भाडे निघत असते.

‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रूढ केला तो नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या 1987 च्या अहवालाने. आजच्या गरजा भागविताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येता कामा नये, आणि गरजांचा विचार करताना जगातील गरिबांच्या गरजांना अग्रक्रम दिला पाहिजे, असा त्या व्याख्येचा आशय होता. पिढ्यांच्या हिशेबाने मांडलेली ही कल्पना आता उन्हाळी सुट्टीच्या मापात कापून विकली जात आहे. आठ आठवड्यांत ज्वारीचे पीकसुद्धा हाती येत नाही. पण प्रमाणपत्र येते. पहिला आठवडा ओळखीत आणि पोट बिघडण्यात जातो. शेवटचा निरोप समारंभात आणि अहवालात जातो. मधल्या सहांत गावाची ‘गरज-पाहणी’ होते, एखाद्या शाळेच्या भिंतीला रंग लागतो, बचत गटाच्या बायकांसाठी एक कार्यशाळा भरते. पुढच्या हंगामात नवी तुकडी येते आणि त्याच बायकांना तेच प्रश्न पुन्हा विचारते. घरात माणसे किती, शेळ्या किती, पाणी किती लांबून आणता? बायका उत्तरे देतात, चहा देतात. पाणी जितके लांब होते तितकेच लांब राहते.

आणि या व्यवहारातील ‘समुदाय’ कोण? गावात गेलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे की, गाव एक नसते. वाडा असतो आणि वाडीही असते. विहिरीचा मालक असतो आणि विहिरीपासून दूर उभे केलेलेही असतात. भाषा न येणारा पाहुणा ज्याच्या ओसरीवर बसतो, त्याचेच मत त्याला समुदायाचे मत म्हणून सांगितले जाते. ती ओसरी बहुधा ज्याच्याकडे बसावयास खुर्च्या आहेत त्याची असते. जमीन कोणाची, मजुरीचा दर कोण ठरवितो, सावकाराचे व्याज किती, हे प्रश्न त्या छापील पाहणी-अर्जांत क्वचितच सापडतील. सापडले तरी त्यांची उत्तरे एका उन्हाळ्यात कोणी परक्याला देत नाही.

या ढोंगावर पहिला जाहीर कोरडा ओढला तो कोणी मार्क्सवाद्याने नव्हे. व्हिएन्नात जन्मलेले आणि मेक्सिकोत स्थायिक झालेले कॅथलिक धर्मोपदेशक इव्हान इलिच यांनी 1968 साली, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्याच परिषदेत उभे राहून, त्यांना घरी परत जाण्यास सांगितले. पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढावयास या, पण आमचे भले करावयास येऊ नका, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या भाषणातील खरा दंश मात्र निराळ्या ठिकाणी होता. गरिबांत काम करावयाचेच असेल तर ते स्वतःच्या देशात करावे, कारण तेथील गरीब निदान तुमच्याच भाषेत तुम्हाला हाकलून देऊ शकतील, असे त्यांनी बजावले. सेवेची कसोटी सेवकाच्या हेतूत पाहावयाची की सेव्याच्या नकाराधिकारात, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला. अर्धशतक उलटून गेले तरी या धंद्याने त्याचे उत्तर दिलेले नाही.

अमेरिकेचे पीस कॉर्प्स हे शीतयुद्धाचे एक अस्त्र होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. केनेडींनी 1961 साली ते उभारले, आणि त्याच वर्षी त्याचे स्वयंसेवक भारतात आले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 1966 मध्ये, परिचारिका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत येऊन राहिल्या होत्या. त्या म्हातारीच्या निष्ठेविषयी वाकडा शब्द काढण्याचे प्रयोजन नाही. मुद्दा निराळा आहे. त्या स्वयंसेवकाला सुमारे दोन वर्षे राहावे लागे, आधी भाषेचे धडे गिरवावे लागत, आणि यजमान सरकारच्या मनात आले तर गाशा गुंडाळावा लागे. बोलिव्हियाने 1971 साली पीस कॉर्प्सला देशाबाहेर काढले. भारतातील त्याचे काम 1976 साली थांबले. आजचा खाजगी दलाल मात्र कोणत्या दाराने आत आला हेच सरकारला कळत नाही. मग बाहेरचे दार दाखवावयाचे कोणी? साम्राज्यवादाच्या सरकारी खात्यालाही जी शिस्त पाळावी लागे, तीही बाजाराने सैल केली!

हेतू शुद्ध असले आणि पैसा मुबलक असला म्हणजे काय घडते, याचा एक धडा आफ्रिकेच्या दक्षिण भागात मिळाला. मुलांनी खेळता खेळता फिरवावयाचे चक्र आणि त्याच्या फिरण्याने जमिनीतून वर येणारे पाणी, अशी ‘प्लेपंप’ची कल्पना होती. वरच्या टाकीवर जाहिराती लावावयाच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून दुरुस्ती करावयाची, हे तिचे अर्थशास्त्र. चित्र इतके मोहक की 2006 साली अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली आणि 2010 पर्यंत 4,000 पंप बसविण्याचा संकल्प सुटला. एका पंपाची किंमत सुमारे 14,000 डॉलर होती, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. दात्यांना खेळणारी मुले दिसली. शाळा सुटल्यावर ते अवजड चक्र हातांनी ढकलणाऱ्या बायका दिसल्या नाहीत. सांगितले होते तेवढे पाणी काढावयाचे तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावे लागेल, असा हिशेब ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने 2009 साली मांडला. टाक्यांवर जाहिराती आल्या नाहीत, कारण तेथे खरेदी करणारे कोण होते? पंप बिघडले की दुरुस्तीची वाट पाहत पडून राहू लागले. काही गावांत तर चालू हातपंप उपटून त्यांच्या जागी हे चक्र बसविले गेले होते. बायकांना विचारले असते तर त्यांनी हे सारे पहिल्याच दिवशी सांगितले असते.

याच्या उलट एक गोष्ट महाराष्ट्राच्या भूमीतील आहे, आणि ती खुद्द महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. 1960 च्या दशकात देशभर विंधणविहिरी खोदल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांवर बसविलेले बिडाचे हातपंप धडाधड मोडत होते. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते, आणि येथे अख्खे गाव त्यांवर लोटत होते. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामाच्या आसऱ्याने कारागिरांनी मजबूत पंप घडविण्याची खटपट चालविली. त्यांतील सोलापूरच्या पंपाचा आराखडा आधाराला घेऊन पुढच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या, मोडले ते पुन्हा घडविले, आणि आराखड्यावर कोणाचा पेटंटहक्क ठेवला नाही. लाखोंच्या संख्येने हा पंप देशोदेशी गेला. ज्या आफ्रिकेत पुढे ते खेळाचे चक्र मिरविले गेले, तेथेही तो आधीच पोहोचला होता. या कामात परदेशी माणसांचाही वाटा होता, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण ते हंगामी पाहुणे नव्हते. मोडलेल्या पंपाची तक्रार त्यांच्यापर्यंत येत होती आणि ती ऐकावयास ते जागेवर होते.

पाण्याच्या बाबतीत निदान पंपच मोडतो. कंबोडियात या सेवेच्या बाजाराने घरे मोडली. परदेशी स्वयंसेवकांना अनाथ मुलांत काम करावयाचे होते. मागणी आली, तेव्हा पुरवठाही झाला. 2005 ते 2010 या पाच वर्षांत त्या देशातील अनाथाश्रमांची संख्या सुमारे पाऊणपटीने वाढली. 2011 मध्ये पुढे आलेल्या पाहणीनुसार, तेथील दर चार मुलांपैकी तिघांच्या आईबापांपैकी निदान एकजण हयात होता. अनाथांसाठी आश्रम निघतात असा जगाचा समज होता. येथे आश्रमासाठी अनाथ तयार केले गेले. फी भरून आलेल्या कोवळ्या मनाच्या मुलीला हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने तिची फी घेतली त्याला हे कळत नव्हते, असे मात्र कोणी सांगू नये.

हे सारे वाचून एखादा ‘परदेशी नकोच’ असा सोपा निष्कर्ष काढील, तर तो समाजवादाचा पाठ विसरला असे म्हणावे लागेल. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या फ्रान्समधील गावाची पुनर्बांधणी करण्यासाठी त्याने 1920 साली आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची पहिली तुकडी नेली, आणि त्यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर पन्नाशी उलटलेला हा इंजिनीयर मूठभर सहकाऱ्यांसह उत्तर बिहारात आला, आणि राजेंद्रबाबूंच्या मदतकार्याशी जोडून घेऊन 1937 पर्यंत पुन:पुन्हा येऊन राबला. याच संघटनेचे स्वयंसेवक बाबा आमटे यांच्या आनंदवनातही सुरुवातीच्या वर्षांत बांधकामाला आले होते. आणि ते आले केव्हा? कुष्ठरोग्याच्या सावलीलाही शेजारची गावे भीत होती तेव्हा. त्या घमेल्यांची आणि फावड्यांची कोणी फी घेतली नव्हती.

निकाराग्वाचे उदाहरण तर याहून ताजे. तेथील क्रांतीनंतर 1980 च्या दशकात अमेरिकेतून आणि युरोपातून हजारो माणसे कॉफी तोडावयास, दवाखाने चालवावयास गेली. त्यांच्याच सरकारने पोसलेल्या काँट्रा टोळ्या त्या देशाचा गळा घोटीत असताना गेली. बेन लिंडर हा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन इंजिनीयर 1983 पासून तेथे होता. एल कुआ या डोंगरी गावात त्याने छोट्या जलविद्युत केंद्रावर काम केले. लसीकरणाच्या दिवशी तो विदूषकाच्या वेषात एकचाकी सायकल चालवून मुले गोळा करी. 28 एप्रिल 1987 रोजी पुढच्या केंद्रासाठी ओढ्याचे पाणी मोजत असताना काँट्रांनी त्याला ठार मारले. त्याच्याबरोबर सर्जिओ एर्नांदेस आणि पाब्लो रोसालेस हे दोन निकाराग्वी सहकारीही मारले गेले. त्यांची नावे मात्र अमेरिकन वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली नाहीत. ज्या बोकाय गावासाठी ते मोजमाप चालले होते, तेथील केंद्र पुढे 1994 साली पुरे झाले. (त्याच देशात पुढे ऑर्तेगांनी लोकशाहीची जी दशा केली, तिचा हिशेब निराळा मांडला पाहिजे, पण त्याने ओढ्याकाठच्या त्या तिघांचे काम खोटे ठरत नाही.) लिंडर चार वर्षे राहिला, तेथील भाषेत बोलला, आणि ज्यांचे काम होते त्यांच्या हाताखाली राबला. त्याच्या आणि आठ आठवड्यांच्या उमेदवाराच्या कामाला एकच नाव देणे म्हणजे भाषेची फसवणूक आहे.

या धंद्याचे कैवारी शेवटी एक ढाल पुढे करतात. गावाला लाभ झाला न झाला, निदान त्या तरुणांचे डोळे तर उघडतात ना? उघडत असतील. मग त्याला शिक्षण म्हणा, आणि गावाला शिक्षकाचा मान व शिक्षकाचे वेतन द्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अनेकदा दलित जातींतील बायकांना त्यांनी आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून तयार केले. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी त्यांच्याकडून शिकावयास जामखेडला आले. तेथे फळ्यासमोर उभी राहणारी ती बाई असते आणि वही घेऊन बसणारा परदेशी पदवीधर. राजस्थानातील टिलोनियाने, 1972 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने, तर उमेदवारीची दिशाच बदलून दाखविली. आफ्रिकेतील खेड्यांतून आलेल्या प्रौढ, निरक्षर बायका तेथे भारत सरकारच्या खर्चाने सहा-सहा महिने राहून सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. गुरू आणि शिष्या यांची भाषा एक नव्हती, म्हणून रंगांच्या खुणांनी आणि हातवाऱ्यांनी धडे झाले. घरी परतल्यावर गावचा दिवा विझला तर बोल त्यांनाच लागणार होता. परदेशी उमेदवारीची मूळ कल्पना चांगली होऊ शकते ती अशी.

पण ही उलटी वाट किती अरुंद आहे, ते पाहण्यासाठी एखाद्या वकिलातीच्या दारातील रांग पुरे. अमेरिकन विद्यार्थ्याला नेपाळातील गावी जाण्यास विमानतळावरच व्हिसा मिळतो. मेळघाटातील कोरकू तरुणाने जर्मनीतील सहकारी दुग्धशाळेत दोन महिने उमेदवारी करावयाचे ठरविले, तर त्याला बँकेतील शिल्लक दाखवावी लागेल आणि आपण परत येऊच याची खात्री पटवावी लागेल. साध्या शेंगेन व्हिसाची फीच जून 2024 पासून 90 युरो झाली आहे. अर्ज नामंजूर झाला तर ती परत मिळत नाही. जगाच्या एका अर्ध्याने दुसऱ्या अर्ध्याची गरिबी जवळून पाहावी, आणि दुसऱ्याने पहिल्याची श्रीमंती दुरूनही पाहू नये, अशी ही व्यवस्था आहे.

बोट केवळ गोऱ्यांकडे दाखवून मोकळे होता येणार नाही. मुंबई-पुण्याच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांतील मुलेही आता सुट्टीत ‘सेवा-सहली’साठी कंबोडियाला आणि टांझानियाला जातात, कारण परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात सेवेचा रकाना भरावयाचा असतो. ज्या मुलाने आपल्या इमारतीचा कचरा उचलणाऱ्या बाईचे नाव कधी विचारले नाही, तो किलिमांजारोच्या पायथ्याशी शाळेची भिंत रंगवून येतो! आणि राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे तरी काय निराळी झाली आहेत? 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झालेल्या या योजनेत अनेक उमदी माणसे घडली, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी आता भिंतीवर घोषणा, सरपंचाचे भाषण आणि गुणपत्रिकेवर वाढीव गुण, एवढाच तिचा अर्थ उरला आहे. राष्ट्र सेवा दलाच्या पठडीत वाढलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना तो फरक सांगावा लागू नये.

या साऱ्या गोंधळात ‘स्वयंसेवक’ या शब्दाची जी विटंबना झाली आहे, तिचा खरा भुर्दंड कोण भरते? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालमृत्यूचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली ते प्रसिद्ध झाले आणि पुढे ती पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. समुदाय-आधारित शाश्वत विकास म्हणतात तो हा. रात्री दोन वाजता कडी वाजली तर उठून जाणाऱ्या बाईने केलेला. आणि तिची व्यवस्था काय? 2005 पासून देशात उभ्या राहिलेल्या, आज सुमारे 10 लाख असलेल्या आशांना सरकार कामगार मानीत नाही. त्या मानसेवी स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना वेतन नाही, ‘मोबदला’ आहे. कोरोनाच्या दिवसांत घरोघर फिरल्यावरही महाराष्ट्रातील आशांना जून 2021 मध्ये संपावर जावे लागले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरवपत्राने किराणा येत नाही.

म्हणजे एकाच शब्दाच्या छत्राखाली दोन माणसे उभी आहेत. एक पैसे भरून स्वयंसेवक होतो आणि आठ आठवड्यांच्या भांडवलावर पुढे एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ‘ग्रामविकासतज्ज्ञ’ म्हणून वर चढतो. दुसरी वर्षानुवर्षे काम करते, आणि स्वयंसेविका आहे म्हणूनच तिचे वेतन नाकारले जाते. पहिला दुसरीच्या गावी ‘क्षमता-बांधणी’ करावयास येतो. त्याला गाव दाखविते ती, त्याचा दुभाषी होते ती, आणि त्याच्या अहवालात ‘स्थानिक सहकार्याबद्दल आभार’ या ओळीत विरून जाते तीही तीच.

पक्षाच्या आणि मित्र-संघटनांच्या ज्या कार्यकर्त्यांच्या गावी असे पाहुणे येत असतील, त्यांना नुसती नाराजी व्यक्त करून भागणार नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाने, आपल्या गावात आपणच सरकार, ही घोषणा देऊन दाखवून दिले आहे की, बाहेरच्याला सरसकट दार बंद करावे लागत नाही आणि सताड उघडेही ठेवावे लागत नाही. तेथे अभ्यासगटांत बाहेरची माणसे बसतात, बोलतात, शिकतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तो सर्वसहमतीने घेते. हीच रीत इतरत्र लागू करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परदेशी उमेदवार गावात येणार असेल तर त्याचे काम आधी ग्रामसभेपुढे मांडले जावे, आणि बायकांनी, भूमिहीनांनी ते ऐकलेले असावे. त्याने भरलेल्या फीपैकी किती रक्कम मध्यस्थाकडे राहिली, किती यजमान संस्थेकडे आणि किती गावात आली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे. दुभाष्याला आणि वाट दाखविणाऱ्या आशाला दिवसाची मजुरी त्याच फीतून मिळावी. जे काम गावातला बेकार पदवीधर करू शकतो, ते पाहुण्याच्या हौसेसाठी राखून ठेवू नये. लिहिलेला अहवाल मराठीत, गोंडीत, जी गावाची भाषा असेल तीत वाचून दाखविल्याशिवाय गावाबाहेर जाऊ नये. वाचताना एखादी म्हातारी ‘हे खोटं आहे’ म्हणाली, तर ते वाक्य तेथेच खोडले जावे. आणि ग्रामसभेने ‘नको’ म्हटले, तर फी परत करण्याची जबाबदारी मध्यस्थाची राहील, हे पाहुणा विमानात बसण्यापूर्वीच त्याच्याकडून लिहून घ्यावे.